फळ्या पक्क्या बसल्या

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या माणसानं सुतारकीच्या नादी लागू नये, असं त्याची बायको पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण ऐकतो कोण? सुतार परवडणारा नव्हता. म्हणून या गड्यानं शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्या भंगारातून उचलून आणल्या आणि शेजारच्या वायरमनचं ड्रिल मागून घेतलं.

हौस नव्हती हो, गरज होती. अप्पा, म्हणजे त्याचे वडील, त्याच्याकडे राहायला आले होते आणि हे आपलं घर आहे हे काही केल्या त्यांना पटत नव्हतं. दुपार कलली की पिशवीत पुस्तकं भरायची आणि दाराशी जाऊन उभं राहायचं. दोनदा तर निघूनही गेले. दुसऱ्या खेपेला पोलिसांनी आणून सोडलं, तेव्हा ताईनं फोनवर स्पष्टच सांगितलं की तिनं एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय आणि पुन्हा असं झालं तर ती स्वतः येऊन त्यांना तिथं नेणार. ताई काही वाईट नव्हती. तिचंही खरंच होतं, आणि तेच तर अवघड होतं.

मग यानं डोकं लढवलं. अप्पांचा सगळा जन्म भाड्याच्या घरांत गेलेला. भिंतीला हात लावायचा नाही हा त्यांचा दंडक. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला टांगायचे. पुस्तकं कायम खोक्यांत, कारण कधी बिऱ्हाड हलवावं लागेल याचा काय नेम? आता स्वतःच्या मालकीच्या भिंतीत पक्क्या फळ्यांवर ती पुस्तकं लागली, की माणूस आपोआप रुळेल, असं त्याच्या मनानं घेतलं. सगळी भिस्त त्यानं त्या फळ्यांवरच ठेवली.

अप्पांच्या खोलीत मोठा कोनाडा होता. त्याचं माप यानं तळाशी घेतलं आणि सगळ्या फळ्या तेवढ्याच कापल्या. भिंत मेली वर जाता जाता आत झुकलेली! दिवसभर केसाएवढा फरक पकडणाऱ्याला हा बोटभर फरक दिसला नाही. वरची फळी मध्येच अडकली, वर जाईना की खाली येईना, आणि स्टूल धरून उभ्या असलेल्या बायकोचं हसू थांबेना. तुम्ही आपल्या काचाच घासा, म्हणाली. फळी काढली, पुन्हा कापली, घासून घासून हात सोलवटले. पण शेवटी अशा बसल्या की लोंबकळलं तरी हलणार नाहीत. फडकं मारता मारता बायकोनंही मान डोलावली, आणि ती काही उगाच मान डोलावणाऱ्यातली नव्हे.

पुस्तकं अप्पांनी स्वतः लावली. फळीवरून हात फिरवला, वाकून खालचे स्क्रू पाहिले. त्या दिवशी दुपार कलली तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. याला वाटलं, जिंकलं. बाहेर जाऊन त्यानं ताईला कळवूनही टाकलं की अप्पा रुळले, आता काही काळजी करू नकोस.

परत येतो तर पिशवी अर्धी भरलेली.

"अप्पा, अहो, हे काय? तुमच्यासाठीच केलंय सगळं. आपलंच घर आहे हे."

"काम उत्तम आहे," अप्पा समजूत घातल्यासारखं म्हणाले. "पण भिंतीत ठोकलं ते घरमालकाचं. ते इथंच राहणार. आपण आपली पुस्तकं तेवढी न्यायची."

घ्या आता! फळ्या जितक्या पक्क्या, तितकं घर परकं झालं होतं. त्यानं पिशवीचा बंद धरला, पण अप्पांनी ओढाताण केली नाही. उलट दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्ही भले दिसता, म्हणून सांगतो. मालकांच्या कानावर घालू नका. दाराआड एक खिळा मी ठोकलाय. पोराचं दप्तर खाली ओलीत पडायचं, मग रडायचा तो."

लहानपणच्या भाड्याच्या घरातला तो खिळा त्याला चांगला आठवत होता. बरोबर तेव्हाचा त्याचा हात पोचेल अशा उंचीवर होता. इतकी वर्षं तो समजत होता की खिळा तिथं आधीपासूनच असेल.

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं.

अप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणखी एक पुस्तक पिशवीत ठेवलं आणि आपल्या चपला कुठे आहेत ते विचारलं.