आठव्या दिवशी घेतलेलं नाव

मित्रांनो, हळू बोलतो, थकलोय. मी एक जुना ढोल आहे, योरुबा लोकांचा, बोलका. कमरेत बारीक, दोन्ही तोंडांवर बकरीचं कातडं, मध्ये चामड्याच्या लांब वाद्या. काखेत धरून वाद्या दाबल्या की माझा आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबा भाषेतही सूर असेच खाली, मध्ये, वर जातात आणि सुराबरोबर अर्थ बदलतो. म्हणून तर मला बोलता येतं.

नायजेरियात एका खोडातून मला कोरलं. माझ्या धन्यांचं नाव आयानवाले. वादकांच्या घराण्यात नावं 'आयान'पासून सुरू होतात. आयान म्हणजे ढोलात वस्तीला असलेलं दैवत. पुढे धनी मला घेऊन लंडनला आले. तिथल्या चर्चमध्ये रविवारी प्रवचन गाऊन रंगायचं आणि प्रत्येक ओळीला मी मागून साद द्यायचो. अहाहा! देव अगदी दाराशी येऊन ऐकतोय असं वाटायचं. मग धन्यांचे हात कापू लागले, आणि मी वेम्बलीच्या फ्लॅटमध्ये कपाटावर चढलो. तिथेच राहिलो.

यंदा त्यांच्या मुलीला, फोलाकेला, मुलगा झाला. त्यांच्यात आठव्या दिवशी नाव ठेवतात. "नाव आधी ढोलानं घ्यायचं," धनी म्हणाले. "मी गेल्यावर त्याला हा सूर कोण ऐकवणार?"

तेवढ्यात घरात छत गळायला लागलं, म्हणून मला शेजारच्या वरदाकडे ठेवलं. वरदा मूळची पुण्याची, दर शनिवारी कीर्तनाच्या साथीला बसणारी. धन्यांना ती बाबाच म्हणे. योरुबातही बापाला बाबाच म्हणतात. तिनं मला मायेनं पुसलं.

"किती सैल पडलाय बिचारा!" म्हणत तिनं माझ्या कमरेला दोरी करकचून आवळली. "सुयश, ऐक, पेटीच्या काळी चारला लागला!"

"अगं, दुसऱ्याचं वाद्य आहे ते," नवरा म्हणाला.

"म्हणूनच तर! बाबा खूश होतील बघ."

आठव्या दिवशी खोली माणसांनी भरली. धन्यांनी मला काखेत घेऊन दाबलं, वाजवलं. टण्. पुन्हा टण्. एकच सूर. तोंड बांधलेल्या माणसासारखा मी नुसता कण्हत होतो. धन्यांचा चेहरा उतरला.

वरदा रडवेली झाली. "सॉरी बाबा... आमच्याकडे सूर पक्का करून ठेवतात हो."

"मुली, तू त्याला गायला बसवलंस. तो बोलणारा आहे."

सुयश कात्री घेऊन धावला. "कात्री नको, वाद्या कापशील!" वरदानं दातांनी गाठ सोडवली. पण आता धन्यांच्या थरथरत्या दंडाला वाद्या दाबवेनात. तेव्हा वरदा त्यांच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी माझी कंबर धरली.

"दोनदा सैल, दोनदा घट्ट," धनी पुटपुटले आणि काठी उचलली.

आ. यान. दे. ले. खाली, खाली, वर, वर. बाळाचं नाव, म्हणजे 'आयान घरी आला'.

शेवटच्या सुराला माझी एक वादी तुटली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण फोलाके बाळाच्या कानाशी तेच नाव रडत रडत घेत होती.

मित्रांनो, आता मी परत कपाटावर आहे. जुन्या वाद्याला जीव लावा, पण ते कसं बोलतं हे आधी विचारा. आणि कुणीतरी माझी वादी शिवा. ते पोर नुकतं मान धरायला लागलंय. सूर ओळखायला लागेल तेव्हा त्याचं नाव मला पुन्हा घ्यायचंय.