वैद्य की तिरंदाज

खंडेनवमीच्या सकाळी माझ्या भावाच्या छातीची ढाल झाली. आई तेव्हा नैवेद्याच्या पुऱ्या तळत होती, त्यामुळे पहिल्यांदा मीच पाहिली. हेरंब आतल्या खोलीतून शर्ट घालत बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, बटणं लागत नाहीयेत."

लागणारच नव्हती. गळ्यापासून पोटापर्यंत लोखंडाचा फुगीर पत्रा होता आणि त्याच्या कडेने पितळी खिळे ठोकलेले होते. मी बोटाने वाजवून पाहिलं. पाण्याने भरलेल्या पिंपासारखा आवाज आला.

"दुखतंय?"

"अजून तरी नाही."

शर्ट खुर्चीवर टाकून तो बाहेरच्या दारात जाऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून. कोणी सांगितलं नव्हतं. पण रक्षकाची जागा दारात असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्या लॅपटॉपवर नवा ऑनलाइन गेम उघडला होता. आत शिरण्याआधी क्लास निवडायचा असतो, म्हणजे या गेममध्ये आपण कोण ते ठरवायचं असतं. या गेममध्ये तीन होते. रक्षक सगळ्यांच्या पुढे उभा राहून घाव झेलतो. वैद्य त्याच्या पाठीशी उभा राहून त्याच्या जखमा भरतो. तिरंदाज लांब उभा राहतो आणि जितका लांब जाईल तितका त्याचा बाण जोरात लागतो. हेरंबने क्षणात रक्षक निवडला. दुकानातसुद्धा तो पहिलाच शर्ट घेऊन बाहेर पडतो. मी मात्र अडले. "उद्या ठरवते," म्हटलं आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठले.

सरळच सांगते, मला वैद्य व्हायचं नव्हतं. आजवरच्या प्रत्येक गेममध्ये वैद्य मीच. घरातही मीच. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या पाठीच्या जखमा मी धुतल्या, हेरंबच्या दम्याच्या वेळी त्याला टेकवून बसवायची पाळी माझी, आणि आईची गुडघेदुखी तर माझ्याशीच बोलायची. कोणी जबरदस्ती केली असं नाही. फक्त काही झालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. आता मला कोइंबतूरच्या एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती आणि दसऱ्याला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, मी कराड सोडणार होते. "सीमोल्लंघनालाच निघतेस, चांगलंय की," असं आई स्वतः म्हणाली होती. तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

आईने हॉलमध्ये पाट मांडला. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पूजेला बसतात. तिची विळी, शिवणाची कात्री, बाबांचे पाने, आणि या वर्षी हेरंबचा लॅपटॉपही. तिने तो उघडाच ठेवला. बंद यंत्राची पूजा केली तर ते वर्षभर बंद पडतं, असं तिचं स्वतःचं शास्त्र आहे. पडद्यावर डावीकडे वैद्य उभी होती आणि उजवीकडे तिरंदाज. दोघींनाही माझा चेहरा होता. आईने त्या दोघींच्या बरोबर मध्ये कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट टेकवलं.

"आता उद्या उत्तरपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"आई, माझी निवड राहिलीय त्यात."

"मग कर की. त्यात काय एवढं? वैद्य घे. तुला जमतं."

तेवढ्यात पहिला घाव बसला.

घराचा अख्खा दरवाजा हादरला. हेरंब अर्धं पाऊल मागे सरकला आणि पुन्हा जागेवर आला. त्याच्या छातीच्या पत्र्याला वाटीएवढा खोलगट पोचा आला होता. मी त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. समोरच्या बंगल्याच्या गेटला तोरण बांधलेलं होतं आणि एक कुत्रा सावलीत झोपला होता.

"काय होतं ते?"

"दिसलं नाही."

"बाजूला हो मग."

"बाजूला झालो तर ते आत येईल, ताई." त्याने तोंडाने श्वास घेतला. "आता दुखतंय."

मला भीती वाटली. लहानपणी तो असा श्वास घ्यायचा तेव्हा वाटायची, तीच भीती.

दुसऱ्या घावानंतर शेजारच्या बिवलकर काकू झेंडूची फुलं घेऊन आल्या. हेरंबच्या काखेखालून वाकून त्या आत शिरल्या. त्यांना काही लागलं नाही. फुलांची पिशवी आईकडे देत त्यांनी मागे वळून त्याच्या छातीकडे निरखून पाहिलं.

"ढाल चांगलीच पोचलीय गं. याला वैद्य लागणार." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तू आहेसच म्हणा."

"माझं अजून ठरलं नाही, काकू."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी स्वयंपाकघरात चपला घालून शिरले होते. आल्या तशा वाकून त्या निघून गेल्या.

लॅपटॉपला हात लावता येत नव्हता, पण माऊस पाटावर नव्हता. तो वायरीशिवायचा होता आणि कालच्या वर्तमानपत्राखाली राहिला होता. मी तो शोधून काढला, पाटाशेजारी बसले आणि फरशीवर सरकवून पाहिला. पडद्यावरचा बाण हलला.

आधी मी तो उजवीकडे नेला, तिरंदाजावर. नुसता नेला, दाबला नाही. हॉल लांबायला लागला. फरशांच्या मध्ये नव्या फरशा येत गेल्या, आवाज न करता. दारातला हेरंब लहान झाला, मग आणखी लहान झाला. आई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, ती हाक मारली तरच ऐकू येईल इतकी दूर गेली. दुसऱ्या टोकाला, जिथे आमचं शोकेस असतं, तिथे स्टेशनचा फलाट सुरू झाला होता. गाडी उभी होती. डब्याचं दार उघडं होतं आणि खिडकीजवळच्या जागेवर माझी निळी बॅग कोणीतरी आधीच नेऊन ठेवली होती. तिकडून गार वारा आला. किती बरं वाटलं ते मी लपवणार नाही.

मग घाव बसला. इतक्या लांबून तो कोणीतरी पाट्याला टाकी मारल्यासारखा बारीक ऐकू आला, पण हेरंब गुडघ्यावर बसलेला मला दिसला.

मी बाण डावीकडे नेला. हॉल झपाट्याने आखडला. फलाट गेला, शोकेस आलं आणि भिंती माझ्या खांद्यांना टेकेपर्यंत जवळ आल्या. हेरंबची पाठ माझ्या कपाळासमोर होती. त्याच्या पत्र्याचा एक पोचा पातेल्याच्या झाकणासारखा टक्कन बाहेर आला आणि तो उभा राहिला. त्याच वेळी माझ्या गळ्याखाली काहीतरी आत दबलं. मी ड्रेसचा गळा ओढून पाहिलं. वाटीएवढा काळानिळा वळ उठला होता.

"बघ, राहिला ना उभा," आई म्हणाली. तिचा आवाज सुटका झाल्यासारखा मोकळा झाला होता. "मी म्हटलंच होतं."

"आई, हे बघ मला काय झालं."

तिने पाहिलं. मग पुढे होऊन माझ्या ड्रेसचा गळा नीट वर ओढला आणि वळ झाकून टाकला.

"वैद्याला कोण बरं करतं, आई?"

"वैद्याला काही होत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू तिकडे एवढ्या लांब गेलीस आणि याला काही झालं, तर मी काय करू? मला सांग ना तू. मी काय करू?"

मला तिचा राग आला होता आणि तिच्या मांडीवर डोकंही ठेवायचं होतं.

आता घाव लागोपाठ येत होते. मी बाण डावीकडे धरला की ते माझ्यात उतरायचे, खांद्यात, बरगड्यांत. उजवीकडे नेला की हेरंबचा पत्रा वाजायचा. मधल्यामध्ये किती वेळ हलवत राहणार? हॉल कापड झटकावं तसा लांब, आखूड, लांब होत होता. विळी, कात्री, पाने मात्र पाटावरून तसूभरही सरकले नाहीत. ठोकून ठोकून हेरंबचा पत्रा पापडाइतका पातळ झाला आणि त्याला मध्यभागी पाठीपर्यंत आरपार भोक पडलं. त्यातून आत उजेड आला नाही. भोकाला बाहेरून काहीतरी लागून उभं होतं आणि ते आत पाहत होतं.

"ताई," हेरंब मागे न वळता म्हणाला, "तू तिरंदाज घे."

"गप बस."

"खरंच घे. लांबूनच मारलंस तर लागेल त्याला. इथे माझ्या पाठीशी उभी राहून कधी लागलंय का?"

"आणि नाही लागला बाण तर?"

त्याच्या पाठीचे मणके मला एकेक दिसत होते. शर्ट अजून खुर्चीवरच होता.

मी ठरवलं. आजही मला वाटतं की त्या क्षणी मी ठरवलं होतं. मी माऊसवर हात घट्ट धरला आणि एका दमात सरकवला.

"अगं, थांब थांब," आई म्हणाली, "हा राहिलाच की पूजेचा."

तिने तबक उचललं. माझा हात माऊसवरून काढायला तिने सांगितलं नाही. ओलं हळदीचं बोट तिने माऊसवर टेकवलं, मग माझ्या बोटांवर, मग मनगटावर, अवजार कुठे संपतं हे न पाहता. वर कुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या. बिवलकर काकूंच्या पिशवीतलं एक टपोरं झेंडूचं फूल काढून तिने माझ्या पहिल्या बोटावर ठेवलं, ज्या बोटाने दाबायचं असतं त्याच्यावर. मग दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला.

"आता उद्यापर्यंत हलवायचा नाही हं," ती अगदी हळू म्हणाली, आजारी माणसाशी बोलावं तशी.

माझा हात जड झाला. तो फरशीवर विळीसारखाच स्थिर बसला. मी पडद्याकडे पाहिलं. वैद्य डावीकडे उभी होती, तिरंदाज उजवीकडे, दोघी माझ्याकडे पाहत होत्या. बाण कुठेच दिसत नव्हता. तो मधल्या कुंकवाच्या ठिपक्याखाली जाऊन थांबला होता. ठिपक्याची एक कड वैद्याच्या पदराला लागली होती आणि दुसरी तिरंदाजाच्या धनुष्याला. हॉल लांबत नव्हता, आखडतही नव्हता. शोकेसच्या काचेमागून गाडीची शिट्टी ऐकू आली.

"ताई," हेरंब म्हणाला, "दाबलंस का?"

बाहेर कोणीतरी मागे सरून जोर घेतला. आईने निरांजन पेटवलं.

घाव बसला, जमीन हादरली, आणि माझ्या बोटावरचं फूल कलंडायला लागलं.