डोकं धरायला माणूस

चक्कर आणि उंचीची भीती यांतला फरक मला कुणी शिकवू नये. उंचीची भीती माझ्या धाकट्या दिराला आहे. पंख्याची धूळ पुसायला तो स्टुलावरही चढत नाही. मी अकरा वर्षं बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसते, तिथेच डबा खाते. उंचीने माझं कधी काही वाकडं केलं नाही. वाकडं केलं ते उजव्या कानातल्या खड्यांनी.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. कानात तोल सांभाळणारे वाळूएवढे खडे असतात. ते जागा सोडून भलत्या नळीत घरंगळले की मान वळवताच जग गरगरतं. डोकं स्थिर ठेवून नजर एका जागी लावली तर मिनिटभरात थांबतं. खडे परत जागेवर न्यायचा व्यायाम त्यांनी एकदा स्वतः करून दिला आणि कागदावर लिहूनही दिला. "आता रोज घरी करा. डोकं धरायला कुणीतरी हवं. आणि बरं होईपर्यंत वर चढायचं नाही."

कुणीतरी म्हणजे नवरा नाहीतर दीर. नवऱ्याला कळतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. दीर माझ्याच साइटवर, जमिनीवरून मला इशारे देणारा; त्याला कळलं की साइटला कळलं. 'बाईला उंची झेपली नाही' हे वाक्य काहीजण अकरा वर्षं जिभेवर घेऊन बसलेत. त्यांना ते आयतं कशाला द्यायचं? मी चार दिवस तोंडातून ब्र काढला नाही. व्यायाम राहिला तो राहिलाच, आणि पाचव्या दिवशी मी वर चढले.

घरी आम्ही दीर-भावजय एकमेकांना अहो-जाहो करतो. वॉकीटॉकीवर आदराची भानगड नाही, तिथे मी नुसती 'क्रेन'. भार हलत असेतो खालच्याने बोलत राहायचं. त्याचा आवाज थांबला की माझा हात थांबतो.

"क्रेन, खाली. खाली. खाली."

हुकाला लोखंडी तुळई होती. दोन फिटर तिची टोकं धरून ती खांबांवर बसवत होते. वीतभर अंतर उरलं. दोर बघायला मी मान वर, उजवीकडे केली आणि अख्खी केबिन फिरली. हात आपसूक लिव्हरवरून सुटला. तुळई होती तिथे थांबली.

"खाली," दीर म्हणाला. "खाली. क्रेन, ऐकू येतंय ना?"

काचेवर तपासणीचं स्टिकर होतं. मी मान ताठ करून त्यावर नजर रोवली, पण तेही पळत होतं. तोंडात आंबट पाणी आलं. मिनिटभर गप्प बसले तर निभावून जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं.

वॉकीत मागून एका फिटरचा आवाज आला, "अडकलंय वाटतं. थांब, खाली वाकून बघतो."

म्हणजे हा आता तुळईखाली डोकं घालणार. इथे माझा तोल जाऊन कोपर लिव्हरवर पडलं तर? मी बटण चाचपून दाबलं.

"थांबा! माणसं बाजूला घ्या. मला चक्कर येतेय."

सगळ्या साइटने ते ऐकलं.

"सगळे बाजूला! क्रेन, हात काढ. किती वेळ?"

"मिनिटभर. डोकं हलवायचं नाही."

"मोजतोय. एक. दोन. तीन..."

एक्केचाळीसला स्टिकरवरची अक्षरं जागेवर आली. मग त्याच्या आवाजावर, मान न वळवता, मी तुळई मोकळ्या जमिनीवर टेकवली.

अर्ध्या तासाने केबिनचं दार वाजलं. बाहेर शिडीला दोन्ही हातांनी कवटाळून दीर उभा होता, घामाने निथळत, डोळे गच्च मिटून.

"वहिनी, तुम्हाला न्यायला आलोय," तो म्हणाला. "पण आधी मला सांगा, उतरायचं कसं?"

एकेका पायरीला कमरेच्या पट्ट्याचा हुक अडकवत आम्ही खाली आलो. बरी झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणल्याशिवाय वर जायचं नाही, असं साहेबांनी बजावलं. चहाच्या टपरीपाशी एकाने ते वाक्य म्हटलंच. मला लागलं, नाही कशाला म्हणू. पण दोन्ही फिटर तिथेच धडधाकट चहा पीत उभे होते. मी त्यांच्याकडे बघून घेतलं आणि पुढे गेले.

संध्याकाळी मी पलंगावर बसले. नवरा तोंड फुगवून व्यायामाचा कागद धरून उभा. दिराने माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं, काचेचं भांडं घ्यावं तसं.

"वहिनी, जरा... म्हणजे... उजवीकडे बघता का?"

"भाऊजी, कामावर बोलता तसं बोला."

त्याने घसा खाकरला. "उजवीकडे. उजवीकडे. थांब. आता मागे. खाली. खाली. खाली."

डोकं पलंगाच्या कडेवरून मागे गेलं आणि छत गरगरत सुटलं. मी चादर मुठीत आवळली. दात आवळायची सवय होती, तेही आवळले. मग सोडले.

"फिरतंय," मी मोठ्याने म्हणाले.

"फिरू दे, मी धरलंय. एक. दोन. तीन..."