काकूंच्या दुकानातली चुकलेली तारीख

मित्रांनो, औषधाच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसलेला जुना संगणक तो मी. आता माझी पाठ पिवळी पडली आहे, पंखा घरघरतो. पण नवा होतो तेव्हा दुकानाच्या काकू मला रोज मऊ फडक्याने पुसत. "हा आहे म्हणून मी निर्धास्त," असं गिऱ्हाइकांना सांगत. मुदत संपलेलं औषध विकायला घेतलं, की मी पडद्यावर लाल पट्टी दाखवत असे. तेच माझं मोठं काम.

मग मला विसरण्याचा आजार जडला. दुकान बंद करताना भिंतीवरचं बटणही बंद करायची काकूंची सवय. सकाळी जागा झालो, की माझी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असे. काकू ती नीट करत; दुसऱ्या सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "वय झालं बिचाऱ्याचं," म्हणून त्या सोडून देत.

एका सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात गर्दी होती. सुरू होताना मी नेहमीसारखी तारीख तपासायची सूचना दाखवली. घाईत काकूंनी ती न वाचताच कळ दाबली. माझ्या लेखी आता दुकानातली एकही बाटली जुनी नव्हती!

तेवढ्यात एक तरुण बाप धावतपळत आला. कडेवरचं बाळ तापाने फणफणलं होतं. काकूंनी औषधाची बाटली काढली. तिच्यावरची छापील मुदत पुसट झाली होती. म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाल पट्टी नाही. मी ओरडणार कसा? मला तोंड कुठे आहे? बाटली त्याच्या हातात गेली. मी मुकाट्याने बिल छापलं.

पायरी उतरता उतरता तो थबकला. "अहो काकू, बिलावर ही तारीख कुठली? तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "थांब! ते पाजू नकोस, आण इकडे." चष्मा लावून, उजेडात धरून त्यांनी बाटली वाचली. मुदत संपून गेली होती. दुसरी बाटलीही त्यांनी आधी उजेडात वाचली, मगच दिली.

दुपारी दुरुस्तीवाला आला. माझं झाकण उघडून त्याने एक चपटा, बटणाएवढा सेल बाहेर काढला. "हा संपलाय, काकू. तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलंत, की याच्याच जिवावर घड्याळ चालतं."

"एवढंसं दुखणं होय! आणि मी त्याचं वय काढत बसले," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, नव्या सेलवर माझी वेळ आता बरोबर चालते. तरी रोज सकाळी धाकधूक होतेच. म्हणून सांगतो, जुनं यंत्र कुरकुरलं तर त्याचं ऐकून घ्या. काकू हल्ली आधी स्वतः बाटली वाचतात, मग माझ्याकडे बघतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

परवा ते बाळ बापाचं बोट धरून चालत आलं आणि माझ्या कळा बडवू लागलं. बाप त्याला ओढू लागला, तर काकू म्हणाल्या, "असू दे रे. बडवू दे त्याला."