दोन्ही डिस्क एकाच केबलवर

संघपालनं अकोल्याच्या आपल्या स्टुडिओत नवा पॉवर सप्लाय बसवला, तो मंगळवारी दुपारी. जुना आठवडाभर कुरकुरत होता आणि शेवटी बंदच पडला. त्यानं लोखंडी रॅकमधून कॉम्प्युटरची जड पेटी बाहेर ओढली, झाकण काढलं, नवा सप्लाय आत सरकवला. डिस्कला वीज नेणारी केबल मात्र जुनीच ठेवली. ती पेटीच्या कडेनं पट्ट्यांनी आवळून बांधलेली होती, सगळं सोडवत बसायचा त्याला कंटाळा आला. तिचं टोक नव्या सप्लायमध्ये नेमकं बसलंही.

बटण दाबलं आणि जळका वास आला.

आत दोन डिस्क होत्या. एकीवर जे रेकॉर्ड होईल तेच दुसरीवर उतरायचं, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. पण दोन्ही त्याच केबलवर होत्या.

बाकीच्या रेकॉर्डिंगच्या कॉप्या ज्याच्या त्याच्याकडे होत्या. पातूरच्या मनकर्णाबाईंची एक्केचाळीस गाणी मात्र फक्त तिथंच होती. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या सहा दिवस रोज एसटीनं येऊन गायल्या होत्या. काही गाणी जात्यावरची, काही बाबासाहेबांची, आणि त्यांच्या आईनं दीक्षेला नागपूरला जाताना वाटेत जोडलेलं एक. मागच्या साली त्यांना लकवा झाला. बोलणं जड का होईना, परत आलं; गळा आला नाही. एक कॉपी काढून त्यांच्या घरी द्यायची, असं संघपाल तेव्हापासून म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी रुमालात डिस्क गुंडाळून तो अमरावतीला कुलदीपकडे गेला. रेकॉर्डिंगचं आणि मशीनचं काम त्याला कुलदीपनंच शिकवलं होतं.

"केबल जुनीच लावली काय?" कुलदीपनं भिंगातून बघत विचारलं.

"टोक बसलं ना."

"टोक बसते. आतल्या तारा हरेक कंपनीच्या वेगळ्या राहतात. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले." त्यानं भिंग खाली ठेवलं. "चिपा जळल्या, संघपाल. पुण्याले पाठवून पाहू, पण आशा नको ठेवू."

महिन्याभरानं पुण्याहून उत्तर आलं. काही निघालं नाही.

पातूरला जाताना त्यानं मनाशी जुळवून ठेवलं होतं, की वीज कमीजास्त झाली म्हणून सांगायचं. कोणालाही ते खरं वाटलं असतं. मनकर्णाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. नात पायल चहा ठेवत होती.

"मशीन जळाली, मावशी. तुमची गाणी गेली."

मनकर्णाबाईंनी ओठांचा कोपरा पदरानं पुसला. "जळाली का तू जाळली?"

संघपालला वर बघवेना. "म्या जाळली. चुकीची तार लावली."

"माह्या मायचं बी गेलं?"

"सगळीच गेली."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. चहा तसाच राहिला. पायल हळूच म्हणाली, "तुमी जा आता."

पुढच्या रविवारी तो माईक आणि छोटा रेकॉर्डर घेऊन पुन्हा गेला.

"कायले आला?"

"शब्द तरी सांगा, मावशी."

"सुराबिगर कायचं गाणं?"

त्या दिवशी त्यांनी एकही गाणं सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी, तो वायर जोडत असतानाच, त्यांनी आपणहून पहिल्या गाण्याची ओळ सांगितली, एकेक शब्द ओढत.

उन्हाळा लागेपर्यंत सव्वीस गाण्यांचे शब्द मिळाले. नऊंच्या चाली पायलच्या कानात होत्या. ती गायची, आणि चुकलं की आजी चांगला हात वर करायची. बाकीची नुसती सांगितलेलीच राहिली.

एकदा संघपालनं विचारलं, "माफ केलं का मले?"

"माफ कराले नाई बसली मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लाव तुही मशीन."

त्या दिवशी त्यांनी आईचं गाणं सांगायला घेतलं. दोन कडवी आली, तिसरं येईना. त्या डोळे मिटून आठवत राहिल्या. संघपालनं रेकॉर्डर चालूच ठेवला. शेवटी त्यांनी मान हलवली, तेव्हा त्यानं तो बंद केला.