चिंगीची गादी

सिद्धेश्वरीने दातांनी दोरा तोडला आणि गादीची चौथी कड चाचपून पाहिली. कापूस एका जागी गोळा झाला होता. तिने शिवण उसवली, आत हात घालून कापूस सारखा केला आणि पुन्हा सुई घेतली. युनिफॉर्मच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर बसून मान भरून आली होती. घरी मशीन नव्हतं, म्हणून सगळं हातावरच.

चिंगी दारात पडून होती. तेरा वर्षांची कुत्री. मागचे पाय धरल्यामुळे तिला पटकन उठता येत नसे. ते राहायला जाणार होते त्या नव्या खोलीच्या मालकाने कुत्रं चालणार नाही म्हणून आधीच बजावलं होतं. रविवारी तिला मंद्रूपला, सिद्धेश्वरीच्या वडिलांकडे सोडायचं होतं. तिची आई, अव्वा, गेल्यापासून अप्पा तिथे एकटेच राहत.

"गावाकडं मातीतपण झोपंल की ती," भांडी खोक्यात भरत नवरा, शिवपुत्र, म्हणाला. "कशाला जीव काढतीस?"

"गारठ्यानं पाय आखडतात तिचे."

शिवपुत्रने खोकं बंद केलं. तिने सुईत पुन्हा दोरा ओवला.

रविवारी टेम्पोतून गादी उतरली तेव्हा अप्पांनी ती दोन्ही हातांनी दाबून पाहिली.

"हे कुणाचं?"

"चिंगीचं. हिच्यावरच झोपवा तिला. भाकरी दुधात कुस्करून द्या. आणि ही पांढरी गोळी सकाळी..."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तरी ती गोळ्यांचंच सांगत होती. अप्पा मान डोलावत राहिले.

खोली लावण्यात दोन आठवडे गेले. तिसऱ्या रविवारी गोळ्या संपत आल्या असतील म्हणून ती एसटीने मंद्रूपला आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

गादीवर अप्पा बसले होते. पाठ भिंतीला, पाय लांब सोडलेले, डोळे मिटलेले. चिंगी उरलेल्या जागेत अंग चोरून, त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपली होती.

चाहूल लागताच अप्पा गडबडले. भिंतीला धरून उठू लागले, पण गुडघा सरळ होईना.

"तिचीच हाय गं. मी आपलं जरा टेकलो."

"बसा अप्पा."

"न्हाय, तू सांगितलं हुतंस की..."

"बसा म्हणते ना."

ते हळूच पुन्हा खाली बसले. गादीवरचे चिंगीचे केस हाताने झटकले, मग कडेच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"बावीस वर्सं झाली तुला शिवायला लागून. तुज्या हातचं पयल्यांदाच बगतोय. लई बारीक टाका हाय."

सिद्धेश्वरी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. पिशवीत गोळ्यांची दोन पाकिटं होती, चिंगीची.

"गुडघे कधीपासून दुखतायत?"

"हे व्हय?" अप्पांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तुजी अव्वा हुती तवापासनं."

अव्वा जाऊन सहा वर्षं झाली होती.

सिद्धेश्वरीने पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्या शेजारी उघड्या फरशीवर बसली. चिंगीने डोकं उचलून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा अप्पांच्या मांडीवर टेकवलं.