लुक्यान आजोबा उठत नाहीत

झार गादीवरून गेल्याची बातमी आमच्या ग्लुखोयेत सात दिवसांनी पोचली. आमच्या मानाने ही फारच घाई झाली. लढाई सुरू झाल्याचं आम्हाला दीड महिन्याने कळलं होतं. तेवढा दीड महिना आम्ही शांततेत काढला, फुकटात.

टपालवाला घसरगाडीतून उतरलासुद्धा नाही. नदीच्या बर्फावरूनच ओरडला, "निकोलाय गेला! हंगामी सरकार आलं! राजकीय कैद्यांना माफी!" आणि काठावर एक वर्तमानपत्र फेकून पुढच्या गावाला ओरडायला निघून गेला.

अकरा घरांच्या गावात राजकीय कैदी एकच होता, मी. मॉस्कोत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. एका रात्री जुळवलेली पत्रकं पोलिसांनाही वाचावीशी वाटली आणि मी हद्दपार होऊन येनिसेई नदीच्या काठी आलो, त्याला आता तीन वर्षं झाली होती. माझ्यावर नजर ठेवायला एक हवालदार होता, पर्फेन सावविच. माणूस दिलदार, पण अक्षरओळख सहीपुरतीच. त्यामुळे माझ्यावर नजर ठेवल्याचे साप्ताहिक अहवाल मीच लिहायचो. 'सदर इसम या आठवड्यातही पळून गेला नाही. मासे पकडताना दिसला. मासे मिळाले नाहीत.' वरच्या कचेरीने एकदा पर्फेन सावविचच्या भाषेचं कौतुकही केलं होतं.

माझ्या खिशात ग्लाशाचं पत्र होतं. आमचं लग्न ठरलं होतं, तारीख पोलिसांनी पुढे ढकलली. जानेवारीत लिहिलेलं तिचं पत्र मार्चच्या सुरुवातीला पोचलं. 'ईस्टरपर्यंत मी इथेच आहे. पुरुष लढाईवर गेल्यामुळे ट्रामवर आता आम्ही बायका तिकिटं देतो. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रेल्वेगाडीबरोबर आघाडीवर निघणार आहे. तुला येता येणार नाही हे मला माहीत आहे. तरी सांगून ठेवते.'

'तरी सांगून ठेवते' या शब्दांवर कागद विरला होता. तिथे माझं बोट असायचं.

त्या दिवशी मार्चची नऊ तारीख होती. ईस्टर दोन एप्रिलला. नदीवरून घसरगाडीने क्रास्नोयार्स्कपर्यंत बारा दिवस, तिथून रेल्वेने सात. ताबडतोब निघालो तर जमत होतं. मी धावत हवालदाराकडे गेलो.

"पर्फेन सावविच, मी चाललो."

"कुठे?"

"घरी."

"कागद?"

"झारच उरला नाही, कागद कसला मागता?"

"झार नाही म्हणून कागदही नाही? मग राहिलं काय?" तो खरोखर घाबरला होता. नऊ वर्षांपूर्वी तो पेन्झाकडचं आपलं गाव सोडून इथे आला होता. मी गेलो की त्यालाही कोणी अडवणार नव्हतं, आणि नेमकी त्याचीच त्याला धास्ती होती. त्याने पेटीतून सुटकेचा छापील नमुना काढला. "बस. लिही. मी सांगतो."

तो काही सांगत नव्हता, मीच लिहीत होतो. हुकूम कोणाचा, तर हंगामी सरकारचा. इसमाचं नाव, येफीम. वर्तन, बरं. मग रकाना आला 'कारण'. जागा एका ओळीची.

"कारण नीट लिही बरं," पर्फेन सावविच म्हणाला. "वरचे आधी कारणच बघतात. हे सगळं झालंच का?"

मी विचारात पडलो. माझ्यापुरतं ते १९०५ साली सुरू झालं. मी चौदा वर्षांचा होतो. जानेवारीत पीटर्सबर्गला लोक झारकडे अर्ज घेऊन गेले होते. हातात देवांच्या तसबिरी होत्या आणि खुद्द झारचीही चित्रं होती, म्हणजे त्याने परके समजू नये. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बातमी आली तेव्हा बाबांनी भिंतीवरचा झार उतरवला आणि त्याच खिळ्याला टोपी अडकवली. त्या सप्टेंबरात मॉस्कोचे छापखाने संपाने बंद पडले. खिळे जुळवणाऱ्यांना मजुरी अक्षरं मोजून मिळायची, स्वल्पविराम धरत नसत. बाबांचं म्हणणं, स्वल्पविरामही हातानेच उचलावा लागतो. छापखान्यांमागून भटारखाने बंद झाले, मग रेल्वे, मग अख्खा देश. झारने घाबरून लोकांना संसद दिली आणि भीती उतरली तशी तिच्यातली हवा काढून घेतली. मग लढाई आली. माणसं गेली, पाव गेला. यंदा फेब्रुवारीत पेत्रोग्राडच्या बाया पावाच्या रांगेतून थेट रस्त्यावर आल्या. सैनिकांना त्यांच्यावर गोळ्या झाडायला सांगितलं, तर त्यांनी बंदुका साहेबांकडे वळवल्या. एवढं टपालवाल्याने आणलेल्या वर्तमानपत्रात होतं.

"एका ओळीत बसत नाही," मी म्हणालो.

"मग लहान अक्षरात लिही."

शेवटी मी लिहिलं, 'कारण: लोक कंटाळले.' पर्फेन सावविचला ते पटलं. नंतर त्याने शिक्का काढला आणि थबकला. शिक्क्यावर दोन डोक्यांचा गरुड, दोन्ही डोक्यांवर मुकुट. पूर्ण एक दिवस बसून त्याने चाकूने ते मुकुट खरवडले. गरुड आंघोळ घातलेल्या कोंबडीसारखा दिसायला लागला. माझ्या हाताशी असलेल्या दिवसांतला एक त्या कोंबडीने खाल्ला.

अकरा तारखेला सकाळी निघायचं ठरलं. मी लुक्यान आजोबांच्या घरात राहायचो. त्यांची सून अगाफ्या टपालाच्या घसरगाड्या हाकायची, तीच मला चाळीस वेर्स्तांवरच्या, म्हणजे पंचवीसेक मैलांवरच्या, पुढच्या ठाण्यावर सोडणार होती. तिने खिमा भरलेल्या, गोठवलेल्या पेलमेनींची पिशवी गाडीत टाकली, घोडा जुंपला आणि आत आली.

"बसा," आजोबा म्हणाले.

प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं, आणि घरातला सगळ्यात वडील माणूस उठला की उठायचं, असं आमच्यात आहे. कोणी चुकवत नाही. मला अटक झाली तेव्हा ग्लाशा पोलिसांना म्हणाली होती, "निदान बसून तरी घेऊ द्या." तर अधिकारीही बसला. चार शिपाई, खुर्च्या दोन. दोघे माझ्या पलंगावर टेकले आणि जप्तीची पत्रकं मांडीवर घेऊन खाली बघत राहिले.

आम्ही बसलो. आजोबा चुलाण्याजवळ, अगाफ्या दाराशी, मी बोचक्यावर, निरोपाला आलेला पर्फेन सावविच पेटीवर, मांडीवर शिक्क्याची आणि नमुन्यांची पिशवी. मिनिट झालं. दोन झाली. आजोबा उठेनात.

चुलाण्यावरचा चहा उकळून आटला. बाहेर घोडा फुरफुरायला लागला.

"लुक्यान तेरेन्तिच," शेवटी पर्फेन सावविच हळूच म्हणाला, "झोप लागली का?"

"जागा आहे," आजोबा म्हणाले.

"मग उठा की."

"नाही."

मी म्हणालो, "आजोबा, ऊन आहे तोवर ठाणं गाठायचंय. मला ईस्टरच्या आत मॉस्कोला पोचायचंय. ग्लाशा जाईल हो."

"ठाऊक आहे. तू तिची पत्रं मोठ्याने वाचतोस." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "हे बघ पोरा. आमचा देम्यान लढाईवर गेला तेव्हा आगबोट शिट्ट्या मारत होती. आम्ही नुसतं टेकलो न टेकलो तोच ही उठली."

"बोट सुटली असती," अगाफ्या दाराकडे बघत म्हणाली.

"सुटू द्यायची होती. दीड वर्ष झालं, ओळ नाही. कमी बसलो आपण. ते भरून काढतोय." मग जरा मऊ आवाजात, "आता झार नाही. मालकच गेला तर गडी शेतात कशाला थांबेल? देम्यान येणार. तो येईस्तोवर मी उठत नाही."

"आणि हंगामी सरकार?" पर्फेन सावविचने विचारलं.

"कुठला हंगाम? मासेमारीचा का?"

मी देव मानत नाही. शकुन-अपशकुन तर मुळीच नाही, त्यावर मी दोन पत्रकं जुळवली आहेत. मी सहज उठू शकत होतो. पण गाडी अगाफ्या हाकणार होती आणि अगाफ्या एकदा आधी उठली होती.

"अगाफ्या," मी पुटपुटलो, "तू ऊठ ना. काही होत नाही."

"कंपोझिटर," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला जे व्हायचं ते झालं. तुझ्या ग्लाशालाही भोगायला लावू? मी नाही उठायची."

ऊन खिडकीच्या चौकटीवरून सरकायला लागलं. मी मनात ठाणी मोजत होतो, घोडे मोजत होतो, आणि प्रत्येक वेळी शेवटी ग्लाशा एका रेल्वेच्या डब्यात चढत होती. दुपार व्हायला आली तेव्हा मी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि पर्फेन सावविचच्या पिशवीतून दुसरा छापील नमुना ओढला.

"काय करतोयस?" तो कुजबुजला.

मी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. "हंगामी सरकारच्या हुकमाने, शिपाई देम्यान लुक्यानविच यास आघाडीवरून मोकळं करून घरी धाडण्यात यावं."

आजोबांनी मान वर केली. अगाफ्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कारण?" आजोबांनी विचारलं.

"कारण: घरी वाट बघतात."

"वरचे हे धरतात?"

मी पर्फेन सावविचकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत होता. नऊ वर्षांत त्याने विनापरवानगी काहीही केलं नव्हतं. त्याने शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि दाबून मारला.

"धरतात," तो म्हणाला. "सरकारी आहे."

आजोबांनी कागद घेतला, उलटा धरून बराच वेळ वाचला आणि उठले. "चला. देव तुमचं भलं करो."

वीस वेर्स्त अगाफ्या नुसती गाडी हाकत राहिली. मग घोड्याला उद्देशून म्हणाली, "मला वाचता येत नाही. पण माणूस खोटं बोलताना कान लाल होतात ते दिसतं."

"थंडीने झालेत."

"घरातच झाले होते." जरा वेळाने, "बाबा तो कागद देवाच्या तसबिरीमागे ठेवतील. रोज काढून बघतील. मी काही सांगायची नाही. तू फक्त मॉस्कोत त्याचा खरा पत्ता शोध."

"शोधीन."

"सगळे म्हणतात."

ठाण्यावर तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि मी दिसेनासा होईपर्यंत गाडी वळवली नाही. खरं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती पश्चिमेकडे बघत होती.

मी शोधलं, नाही असं नाही. नंतर तीन कचेऱ्यांना लिहिलं. दोन ठिकाणांहून कळलं की त्या कचेऱ्या बंद झाल्या आहेत. तिसरीने विचारलं, कोण देम्यान?

माझा कागद मात्र प्रत्येक ठाण्यावर चालला. कोणी वाचला नाही. सगळ्यांनी कोंबडी बघितली आणि घोडे दिले. एक एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी, मी मॉस्कोच्या स्टेशनात उतरलो. डेपोत गेलो तर कळलं, ग्लाशाची ट्राम नुकतीच सुटली आहे. मी धावलो आणि वळणावर लोंबकळून चढलो.

डब्यात तुडुंब सैनिक होते. क्रांती झाल्यापासून त्यांनी तिकीट काढणं सोडलं होतं. त्यांच्यामधून निळा कोट आणि कातडी पिशवी वाट काढत येत होती. "पुढे सरका, नागरिकहो! स्वातंत्र्य मिळालंय, जागा नाही मिळालेली!" आवाज बसला होता. केस कापले होते. तीन वर्षं मी ज्या चेहऱ्याची आठवण काढत होतो तो हा नव्हता. हा त्याच्याहून थकलेला होता आणि खरा होता.

"तिकीट, दाढीवाले."

मी वरचा पट्टा धरून उभा राहिलो.

"सैनिक आहात का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग फुकट कसं? काय हो, बहिरे आहात?"

सांगायचं होतं की मी आलोय. पण ती मला न ओळखता माझ्यासमोर उभी होती, भुवया आकसून, अगदी जवळ. मी नाव घेतलं की ती रडणार, मग मी रडणार, आणि मग बघायचं राहून जाणार. म्हणून मी बिनपैशाचे खिसे चाचपत राहिलो, सावकाश, एकेक करून.

"शोधा, शोधा," ती म्हणाली. "मी उभी आहे."